रुमालात गुंडाळलेलं चुंबक

माझ्या धंद्यात लोक गाडीची स्तुती करतात.
'एकाच हातातली', 'फक्त रविवारी काढायचो',
'पाणी कधी लागलंच नाही'.
मी मान डोलावत वाकतो,
दाराखालची पट्टी नखाने टोकरतो.
नख आत जातं.

असोळण्याला उलटं झालं.
मार्चची दुपार, साळ नदीवरून खारा वारा,
नारळ ठेवायच्या कोठारात लाल एमजीए,
चाकं विटांवर.
कितेरिया बाई टॉर्च घेऊन तयारच होत्या.
'हांगा पळय,' म्हणाल्या, 'कुजलंय.
हा दिवा बेळगावचा, ट्रकचा.
आणि इथे खरवडून बघा,
लालाखाली हिरवा, हिरव्याखाली कसला तरी करडा.'

रुमालात गुंडाळलेलं चुंबक मी काढलं.
पुढच्या मडगार्डला नीट धरलं.
मागच्यावरून दोनदा घसरलं,
म्हणजे लांबी, बोटभर जाड.
बॉनेटला तर चिकटेचना.
'बघा, सगळी पुट्टी!' बाई जवळजवळ खुशीत.
बाई, बॉनेट अॅल्युमिनियमचंच येतं
कारखान्यातून. दारांचा पत्राही.
टॉर्चचा उजेड दुसरीकडे गेला.

पेन्सिलीने चाकांच्या तारा वाजवल्या.
एका चाकाला अठ्ठेचाळीस. सात बद्द बोलल्या.
दाराला बाहेरून कडी नसते या गाडीच्या,
आत हात घालून दोरी ओढावी लागते.
मी चाचपत होतो.
बाईंनी माझ्याकडेच बघत, बोलता बोलता
ती ओढली.

तेव्हा मला कळायला हवं होतं.

ही विकायची नाहीच.
वडील गेले, मडगावच्या कोर्टात इन्व्हेंटार चाललाय:
घर, भाट, खाजनाचे दोन तुकडे, सोनं,
आणि अठराव्या क्रमांकावर 'मोटार, जुनी, एक'.
भाऊ आल्बानो स्विंडनला. त्यालाही हवी आहे,
गॅलरीतल्या चित्रासारखी.
मी आकडा लिहीन, तिथून दोघांची बोली चढेल.
जो नेईल त्याने दुसऱ्याला अर्धे द्यायचे.
कुंकळ्ळीच्या शाळेतल्या मास्तरणीचं पेन्शन,
आणि समोर पौंड.

पायाखालची फळी मूळ प्लायवूडची असते.
इथे आंब्याची निघाली, दोन बोटं जाड,
कडेने ओळीत भोकं, एकात अजून काथ्याचा धागा.
'होडीची?'
'कायतानची. खडकावर फुटली त्या वर्षी.
पपांनी कापली, मी धरून बसले होते.
अकरावीत होते मी.'
एवढं एक वाक्य त्या
गाडीची बदनामी न करता बोलल्या.

मग लगेच: 'इंजिनही बदललेलं.
एकाहत्तरात. अँबॅसडरचं घातलंय.'

हे खोटं अभ्यास करून बोललेलं होतं.
दोन्ही इंजिनांचं घराणं एक,
बांधा एक, वरवर बघणारा फसेल.
मी चिंधी पेट्रोलमध्ये भिजवली,
ब्लॉकवरची पट्टी पुसली.
कोर्टाच्या फाइलीत जुन्या लिव्रेतची झेरॉक्स होती.
एकेक अक्षर, एकेक आकडा
बोटाने लावत गेलो. शेवटच्या नऊपर्यंत.

मी मोठ्याने वाचलं नाही.
त्यांनी टॉर्च विझवला.
कोठारात कौलांतून येणारा उजेड तेवढा राहिला,
आणि जुन्या खोबऱ्याचा वास.

'जे आहे तेच लिहावं लागतं,' मी म्हणालो.
'ठाऊक आहे,' बाई म्हणाल्या,
'मी एकतीस वर्षं मार्क दिलेत.
काठावरच्या पोरांनाही.'

विटेवर बसून तक्ता भरला.
इंजिन: मूळ. नंबर जुळतो.
बॉनेट, दारं: मूळ.
मागचं मडगार्ड, पट्ट्या, तारा, दिवा: वजावट, दराप्रमाणे.
तळ: होडीची फळी, मूळ नाही.

होडीच्या फळीला किती वजा करायचे
ते कुठल्याच तक्त्यात नसतं.
त्या एका रकान्यात
माझा हात जरा सैल सुटला.